नामंजूर जोड

एका जंगलात पाणी भरपूर होतं, बाळांनो. फक्त जिथे तहान होती तिथे ते नव्हतं. असं का, ते मला विचारू नका. त्या जंगलात हा प्रश्न राजालाही कुणी विचारला नव्हता, मी तर नुसता गोष्ट सांगणारा.

नीट सावरून बसा. ही गोष्ट नळाच्या जोडाची आहे. तोंडं वाकडी करू नका. राजपुत्राच्या गोष्टी ऐकून कुणाच्या घरात पाणी आलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तर त्या जंगलाच्या एका अंगाला उंच कडा होता. कड्यावर बारमाही झरा होता. झऱ्याखाली माणसांनी कधीतरी टाकून दिलेली एक लोखंडी टाकी होती आणि ती कायम काठोकाठ भरलेली असे. टाकीतून एक लोखंडी नळ थेट खाली वाघमहाराजांच्या गुहेत जाई. टाकी सरकारी होती. साध्या प्राण्यांनी तिला तोंड लावायचं नाही असा नियम होता.

समोरच्या अंगाला टेकडी होती. टेकडीवर साधे प्राणी राहत. त्यांना पाण्यासाठी रोज दरी उतरून नदीवर जावं लागे, आणि पाणी पिऊन वर येईपर्यंत पुन्हा घसा कोरडा पडे. याला जंगलाच्या दप्तरात ‘नैसर्गिक व्यायाम’ असं नाव होतं.

मग एका वर्षी महाराजांचा वाढदिवस आला. पोट भरलेलं होतं, हवा छान होती. महाराजांना एकदम प्रजेची आठवण झाली. ते म्हणाले, टेकडीला नळ द्या. टाकी टेकडीहून उंच होती, म्हणजे पाणी आपोआप धावणार होतं. माकडांनी माणसांच्या बाजारातून प्लास्टिकचे पाइप आणले. पाणीसमिती नेमली गेली. समितीचे अध्यक्ष झाले तरस.

आणि काम कुणी करायचं? काम करायला शिरपा होता.

शिरपा पाणमांजर होता. जंगलातला एकुलता एक प्लंबर. अर्धा जन्म पाण्यात, अर्धा काठावर, त्यामुळे पाणी कुठून निसटतं हे त्याला वास घेऊन कळे. बोलायचा कमी. जे बोलायचा ते कामाचं बोलायचा, म्हणून सभेत त्याचं कुणी ऐकत नसे.

टेकडीवर सगुणा नावाची भेकरीण राहत होती. तिच्या पाडसाचा पाय खडकाच्या फटीत अडकून मोडला होता. पाय बांधला होता, पण महिनाभर त्याला जागचं हलवायचं नव्हतं. सगुणा खाली पाण्याला गेली की पाडस एकटं. न जावं तर अंगावर दूध येईना. दोन्हीकडून बिचारीची कोंडी झाली होती.

त्यात अध्यक्ष फार कनवाळू होते. सगुणा पाण्याला उतरली की ते पाडसाची विचारपूस करायला टेकडीवर येत. नेमके तेव्हाच येत. एकदा तर इतक्या जवळून विचारपूस केली की पाडस भुंकलं. भेकराचं भुंकणं दरीपलीकडे ऐकू जातं. सगुणा पाणी न पिताच अर्ध्या वाटेवरून धावत आली.

“पायाची सूज बघत होतो,” अध्यक्ष म्हणाले आणि ओठ पुसत निघून गेले.

बाळांनो, तरस काय खातो ते तुम्हांला माहीत आहे ना? मग मी सांगत नाही. जेवायची वेळ आहे.

त्यानंतर टेकडीवर खांब पुरायला शिरपा आला तेव्हा सगुणाने त्याला गाठलं.

“शिरपाभाऊ, नळ कधी येणार?”

“उद्घाटन आठव्या दिवशी आहे, ताई.”

“उद्घाटनाचं नाही विचारलं. पाणी कधी येणार?”

इतका सरळ प्रश्न त्याला समितीत कुणी विचारला नव्हता. त्याने पाडसाकडे पाहिलं, त्याच्या बांधलेल्या पायाकडे पाहिलं, आणि जे कोणत्याही शहाण्या प्लंबरने करू नये ते केलं. त्याने वचन दिलं. नवव्या दिवशी सकाळी तुमच्या दारात पाणी, असं म्हणाला.

आता जरा कामाचं ऐका. टाकीच्या तोंडाला लोखंडी नळी होती आणि तिच्यावर बाहेरून आटे पाडलेले होते. प्लास्टिकच्या पाइपाला आटे बिटे काही नसतात, तो गुळगुळीत. लोखंड फिरवून बसतं, प्लास्टिक चिकटवून बसतं. या दोघांचं लग्न लावायला मध्ये एक छोटा जोड लागतो. त्याचं एक तोंड गुळगुळीत असतं, त्यात पाइप चिकटवायचा. दुसऱ्या तोंडात आतून आटे असतात, ते लोखंडी नळीवर फिरवून बसवायचं. एवढासा तुकडा, पण सगळी मदार त्याच्यावर.

असे जोड दोन प्रकारचे मिळतात. एक नखशिखान्त प्लास्टिकचा. दुसरा बाहेरून प्लास्टिकचा, पण त्याच्या पोटात पितळेचे आटे बसवलेले आणि तोंडाशी पान्हा लावायला पितळेची सहा कोनांची कड. लोखंड कडक, प्लास्टिक मऊ. मऊ पोटात कडक नळी जास्त पिळली की पोट फुटतं. पितळ मात्र लोखंडाशी बरोबरीने झुंजतं. शिरपाने पितळी आट्यांचा एक नमुना माकडांकडून मागवला आणि समितीसमोर ठेवला.

समितीने नमुना उलटसुलट करून पाहिला. उपाध्यक्ष गवा होते, त्यांनी चाटून पाहिला.

“हा नक्की कोण आहे?” अध्यक्षांनी विचारलं. “प्लास्टिक की पितळ?”

“दोन्ही, साहेब. जोड आहे ना तो.”

“म्हणजे मिश्र.”

झालं असं होतं की महाराजांनी ते वर्ष ‘शुद्धतेचं वर्ष’ म्हणून जाहीर केलं होतं. झाडाझाडावर तशा पाट्या लागल्या होत्या. अध्यक्षांनी मग अर्धा तास भाषण केलं. जो धड इकडचा नाही आणि धड तिकडचा नाही त्याच्या भरवशावर जंगलाचं पाणी कसं सोडायचं, असा त्यांचा सवाल होता. आता तरस कुत्र्यासारखा दिसतो आणि कुत्रा नसतो, मांजराच्या जवळचा असतो आणि मांजरही नसतो. पण ते अध्यक्ष होते, त्यामुळे तो विषय निघाला नाही.

शिरपाने एकदा सांगून पाहिलं की दोन वेगळ्या गोष्टी जोडायच्या तर जोडणाऱ्यात दोघांचंही थोडं थोडं असावं लागतं. गव्याने ‘हं’ केलं. ते पुढच्या विषयाला कधी हात घालायचा असं विचारणारं ‘हं’ होतं.

मग विस्तवात तापवलेला शिक्का आला आणि नमुन्याच्या पाठीवर ‘नामंजूर’ असा ठसा उमटला. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. अध्यक्षांनी नमुना करवंदीच्या जाळीत भिरकावून दिला आणि कोठारातला संपूर्ण प्लास्टिकचा, शुद्ध जोड शिरपाच्या हातावर ठेवला.

शिरपाने मनाशी विचार केला. शुद्ध तर शुद्ध. सांभाळून बसवला तर हाही टिकेल.

आणि त्याने तो सांभाळून बसवला. आधी लोखंडी आटे घासून पुसून लख्ख केले. त्यांच्यावर टेफ्लॉनची पांढरी पट्टी आट्यांच्या वळणाने तीन वेढे गुंडाळली. उलटी गुंडाळली तर फिरवताना सुटून येते, म्हणून वळण पाहूनच गुंडाळली. मग जोड हाताने फिरवला, हाताला जाईना तेव्हा पान्ह्याने दीड आटा दिला, आणि थांबला. थांबणं हीच त्या कामातली विद्या आहे. मोकळ्या तोंडाला तळवा लावून त्याने टाकीची चावी जराशी उघडली. आट्यांतून एक थेंब आला नाही.

शिरपा खूश झाला. तो अध्यक्षांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, पान्ह्याने दीड आटा दिलाय, आता याला कुणी हात लावू नका.

“हात लावू नका?” अध्यक्ष हसले. “आणि मानाचा पीळ?”

शिरपाने कपाळावर हात मारला. मानाचा पीळ तो विसरलाच होता.

ही त्या जंगलाची जुनी रीत. महाराजांच्या आजोबांच्या काळात गुहेचा लोखंडी नळ बसला तेव्हा आट्यांवर सुतळी गुंडाळून, सफेद्याचा पांढरा लेप फासून जोड केला होता. तो काळ लोखंडाचा. जितकं पिळावं तितकं घट्ट. तेव्हा नऊ मानकऱ्यांनी मानाने एकेक पीळ दिला, आणि तो नळ आजवर गळला नाही. तेव्हापासून जंगलात कुठलाही जोड नऊ मानकऱ्यांच्या पिळाशिवाय पुरा होत नसे. लोखंड गेलं, प्लास्टिक आलं, मानकरी तेच राहिले.

आठव्या दिवशी टाकीपाशी मंडप उभा राहिला. सनई नव्हती म्हणून रातकिड्यांना बसवलं. मोराने स्वागत केलं आणि नंतर स्वतःचंच कौतुक केलं. मग मानकरी एकेक करून पुढे आले. प्रत्येकाच्या हाती पान्हा द्यायचा, त्याने एक पीळ द्यायचा, टाळ्या पडायच्या. आधी सांबर. मग कोल्हा. मग मोर, त्याला पान्हा उचलेना म्हणून त्याने नुसती चोच लावली. शिरपाने मनातल्या मनात मोराचे उपकार मानले.

पण मग अस्वल आलं. रानडुक्कर आलं. माकडांचा मुकादम आला, अध्यक्ष आले. आठवे गवा. गव्याने पान्ह्यावर सगळं अंग टाकलं तेव्हा टाकीच करकरली, आणि गव्याला फार बरं वाटलं. नववे महाराज. महाराजांनी पंजा टेकवला, एक हिसका दिला आणि टक् असा आवाज झाला.

आवाज बारीक होता. वाळलेली काटकी मोडावी एवढाच. टाळ्यांमध्ये तो फक्त शिरपाला ऐकू आला. जोडाच्या पोटावर केसाएवढी चीर पडली होती.

“महाराज,” तो म्हणाला, “फुटला.”

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष हळूच पुढे आले. त्यांनी विचारलं, काय फुटलं? शिरपा म्हणाला, जोड.

“शेवटचा पीळ कुणाचा होता, शिरपा?” अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं.

शिरपाने महाराजांच्या पंजाकडे पाहिलं. नखं अजून बाहेरच होती.

“महाराजांचा,” तो म्हणाला.

“मग?”

“मग नसेल फुटला.”

पुन्हा टाळ्या झाल्या. शिरपाने मान खाली घालून जोडाच्या दुसऱ्या तोंडाला चिकटवायचं सोल्यूशन लावलं आणि पाइप आत दाबून धरला. ते वाळायला एक दिवस द्यावा लागतो. तो दिवस शिरपाला झोप लागली नाही.

नवव्या दिवशी सकाळी महाराजांनी टाकीची चावी उघडली. पाणी जोडापर्यंत आलं आणि त्या चिरेतून असं उसळलं की पहिल्या रांगेतले सगळे मानकरी न्हाऊन निघाले. वाघ भिजला की मांजरासारखा दिसतो. हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही.

पलीकडे टेकडीवर सगुणा पहाटेपासून नळाखाली मान वर करून उभी होती. रात्रभर ती पाण्याला गेली नव्हती, सकाळी दारात येणारच आहे म्हणून. नळ आधी खाकरला. मग त्यातून फुस्सकन हवा आली. मग दोन थेंब आले. ते तिने पाडसाच्या जिभेवर पाडले आणि ती पुन्हा मान वर करून उभी राहिली. उन्हं अंगावर आली तरी उभी होती. शेवटी तहान सोसेना तेव्हा तिने दरीची वाट धरली.

इकडे टाकीपाशी आरडाओरडा चालला होता. शिरपाने सहज गर्दीवर नजर फिरवली. सगळे होते. अध्यक्ष नव्हते.

शिरपाने हत्यारं तिथेच टाकली. पाणमांजर जमिनीवर फार वेगाने धावत नाही, बाळांनो, पण त्या दिवशी तो धावला. टेकडी चढून वर आला तेव्हा पाडस खडकाला चिकटून बसलं होतं आणि अध्यक्ष त्याच्यापासून चार पावलांवर उभे होते. शिरपा धापा टाकत मध्ये येऊन बसला. सुळे अध्यक्षांचे मोठे होते, पण शिरपाच्या गळ्यात पान्हा राहून गेला होता.

अध्यक्षांनी पान्ह्याकडे पाहिलं. मग ते खाकरले आणि कामाचं बोलू लागले. चौकशी पूर्ण झाली, म्हणाले. शिरपाने विचारलं, कधी झाली? येता येता झाली, असं उत्तर मिळालं. जोड फुटला याचं कारण तो ढिला राहिला होता. प्लंबरने अगोदर फक्त दीड आटा दिला होता, असा पुरावा मिळाला होता. पुरावा म्हणजे शिरपानेच तसं सांगितलं होतं.

“ढिला जोड पाण्याने फुटत नाही, साहेब. ठिबकतो. हा पिळून फुटला.”

“नीट आठवून बोल. शेवटचा पीळ कुणाचा होता?”

अध्यक्षांनी उत्तराची वाट न पाहता उरलेलं सांगून टाकलं. तीन दिवसांनी पुन्हा समारंभ. पुन्हा शुद्ध जोड. आणि या वेळी ढिला राहू नये म्हणून प्रत्येक मानकऱ्याचे दोन पीळ. म्हणजे अठरा. एवढं बोलून ते गेले, पण वळणावर एकदा थांबून त्यांनी पाडसाकडे पाहिलं. घाई नव्हती त्यांना. तीन दिवस काही फार नसतात.

सगुणा वर आली तेव्हा शिरपा तिथेच बसलेला होता. ती त्याला काही बोलली नाही. वचनाचं तर नावही काढलं नाही तिने. तिने खाली बसून पाडसाला चाटायला सुरुवात केली आणि शिरपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं जंगल सावलीत घोरत असताना, शिरपा करवंदीच्या जाळीत शिरला. अंगभर ओरखडे घेऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडात नामंजूर नमुना होता. तो तसाच कड्यावर गेला. फुटका जोड त्याने पाइपासकट कापून काढला, आटे पुसले, नवी पट्टी गुंडाळली आणि पितळी पोटाचा जोड लोखंडी नळीवर चढवला. हाताने फिरवला, मग पान्ह्याने दीड आटा, आणि थांबला. मग सफेद्याचा डबा उघडून त्याने जोडाला सगळीकडून जाड थर फासला. पितळेची कड झाकली. पाठीवरचा ठसा बुजवला. नामंजूर जोड पांढराशुभ्र, निर्मळ दिसू लागला.

कोठारातून मिळालेला नवा शुद्ध जोड त्याने नदीच्या तळाशी नेऊन ठेवला. तिथे तो अजून शुद्ध आहे.

पकडला गेला असता तर शिरपाला जंगलाबाहेर काढलं असतं. पाणमांजराला नदीबाहेर काढणं म्हणजे काय ते तुमचं तुम्ही समजा. पण दुपारच्या झोपेवर त्या जंगलातल्या सगळ्या अधिकाऱ्यांची श्रद्धा होती.

समारंभाच्या दिवशी अध्यक्षांनी जोड जवळून पाहिला. बोट लावलं. बोट पांढरं झालं.

“हा सफेदा कशाला?”

शिरपाने पान्हा पुसायला घेतला.

“शुद्ध दिसावा म्हणून, साहेब.”

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. छान कल्पना आहे, म्हणाले, इथून पुढे सगळ्याच जोडांना फासत जा.

पीळ सुरू झाले. या वेळी शिरपाने पान्हा कुणाच्या हाती मोकळा दिला नाही. साहेब, वजन फार आहे, मी लावून धरतो, तुम्ही फक्त ओढा, असं म्हणत दर वेळी तो पान्ह्याचा जबडा बरोबर पितळेच्या कडेवर बसवून देत होता. मानकऱ्यांना वाटलं, हा आता वठणीवर आला. अस्वलाने दोनदा ओढलं. डुकराने दोनदा. गव्याने असा जोर लावला की त्याचाच गुडघा कट्कन वाजला. शिरपाने डोळे घट्ट मिटून घेतले. जोड तसूभरच सरकला आणि गप्प बसला. महाराजांचे दोन पीळ झाले. काही वाजलं नाही.

मग शिरपाने पाइप चिकटवला, आणि दुसऱ्या दिवशी महाराजांनी चावी उघडली. पाणी जोडातून शांतपणे गेलं, पाइपातून दरीवर टाकलेल्या दोरावरून पलीकडे गेलं, आणि टेकडीवरचा नळ खाकरला, थुंकला आणि वाहायला लागला. सगुणा प्यायली. पोट फुटेल इतकी प्यायली. मग बाजूला झाली. नळाखाली मान ताणून बसल्या जागी पाडस पाणी पिऊ लागलं, आणि कड्यावरून ते शिरपाला स्पष्ट दिसत होतं.

त्याच वेळी महाराजांनी विचारलं. राजे कधीकधी विचारतात, बाळांनो, नेमकं नको तेव्हा.

“काय रे शिरपा, मागच्या वेळी फुटला आणि या वेळी टिकला. असं का?”

सगळं जंगल कान टवकारून उभं राहिलं. शिरपाच्या ओठांवर सगळं आलं. पितळ आलं, प्लास्टिक आलं, दीड आटा आला. जन्मभराची विद्या सांगायची ती एकच वेळ होती, आणि ऐकायला स्वतः राजा होता. पण सफेदा खरवडला की ठसा दिसणार होता. ठसा दिसला की जोड निघणार होता. जोड निघाला की तो समोरचा नळ पुन्हा फुस्स करणार होता. अध्यक्ष जिभेने ओठ पुसत शिरपाकडे पाहत होते.

“आपल्या हातांचा गुण, महाराज,” शिरपा म्हणाला. “मागच्या वेळी पीळ कमी पडले होते.”

केवढा जयजयकार झाला म्हणून सांगू.

त्याच सभेत ठराव झाले. जंगलातले सगळे जोड शुद्ध प्लास्टिकचेच असावेत. प्रत्येक जोडाला अठरा पीळ द्यावेत. टाकीपाशी दगड बसवून त्यावर नऊ मानकऱ्यांची नावं कोरावीत. शिरपाने भर सभेत पीळ कमी पडल्याची कबुली दिल्यामुळे त्याला प्लंबरकीवरून कमी करावं आणि त्या जागी गव्याच्या भाच्याला घ्यावं, त्याची ताकद चांगली आहे. सगळे ठराव एकमताने पास झाले. शिरपानेही हात वर केला होता.

मग त्या जंगलात खूप नळ बसले आणि खूप फुटले. फुटला की पीळ वाढत. अठराचे छत्तीस झाले, छत्तिसाचे बहात्तर. मानकऱ्यांना दुसरं काही करायला सवड उरली नाही. टेकडीचा जोड मात्र टिकला. त्याचा अभ्यास करायला दुरून दुरून समित्या येतात, त्याच्याभोवती फिरतात आणि पीळ किती दिले होते ते लिहून घेऊन जातात.

सगुणाचं पाडस आता उड्या मारतं. ती पाण्याला खाली जात नाही, आणि अध्यक्षांनी विचारपूस करणंही सोडलं आहे. ती शिरपाला कधी काही विचारत नाही; त्या दुपारी टेकडीवरून तिला कडा दिसत होता. दर पंधरवड्याला नळाखाली पाय धुऊन कड्याची वाट धरते, नियम मोडून, आणि जोडावरचा सफेदा कुठे उडालाय का ते पाहून येते.

अलीकडे जंगलात आणखीही चार-दोन नळ फुटेनासे झाले आहेत. त्यांच्या जोडांवर सफेदा जरा जाडच असतो. ते काम भर दुपारी कोण करून जातं ते मला माहीत नाही, आणि तुम्हीही कुठे बोलू नका. तुमच्या घरातला एखादा जोड वर्षानुवर्षं गळत नसेल, तर त्याला नखाने खरवडायचं नाही. कळलं?

तात्पर्य : जाणकाराचं कधीही ऐकू नये. काम बिघडलं तर शिक्षा द्यायला तो हाताशी असतोच, आणि काम होणं अगदीच गरजेचं असेल तर तो ते चोरून करून ठेवतो. आपण पीळ द्यावा आणि दुपारी झोपावं.